'याड लागलं'पासून म्हशीवरच्या गाण्यापर्यंत : जुनी गाणी उलट्या वाटेनं कशी शोधायची

मे महिन्यात भाचा खानापूरहून आठ दिवस राहायला आला होता. नुकतीच बारावी झालेला, कानात सदा ती पांढरी बोंडं. एका दुपारी विचारतो, "मामा, तू कॅसेटच्या दुकानात कामाला होतास न्हवं? मग मला जुनी गाणी सांग की गा. कुठनं सुरू करू?"

"आत्ता काय ऐकूलास?"

"सैराट."

"मग तिथनंच सुरू कर."

त्याला वाटलं, मामा टाळतोय. टाळत नव्हतो. बेळगावात गणपत गल्लीच्या आसपास एका छोट्या दुकानात मी सात-आठ वर्षं कॅसेटी भरून द्यायचं काम केलंय. लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणायचे, आम्ही साठ मिनिटांची किंवा नव्वदची कॅसेट भरून द्यायचो. नुसतं "जुनी चांगली भरा" म्हणणाऱ्याच्या नव्वदच्या कॅसेटमध्ये वीसेक गाणी बसायची. त्यातली चार तो ऐकायचा आणि पुढच्या वर्षी त्याच कॅसेटवर मुलीच्या बारशाचं रेकॉर्डिंग करायचा. पण काही जण एकच गाणं घेऊन यायचे. "हे ज्यानं केलंय त्याचं दुसरं काय आहे? आणि हा कुणाकडं शिकला?" असलं गिऱ्हाईक दर शनिवारी परत दिसायचं. आज मोबाइलवर 'सदाबहार १००' अशा याद्या फुकट मिळतात आणि त्यांची गत त्या वीस गाण्यांसारखीच होते. जुन्या गाण्यांत समोरच्या दारातनं शिरू नका. आपल्या आवडत्या माणसाच्या मागच्या दारानं जा.

भाच्याला जे करायला लावलं तेच इथं क्रमानं सांगतो. उदाहरण अजय-अतुलचं घेतलंय. तुमचा माणूस दुसरा असेल तर नावं बदलतील, रीत बदलणार नाही.

पहिलं काम : एक माणूस, एक गाणं

शक्यतो संगीतकार निवडा. गायक शंभर जणांकडं गातो, त्यामुळं त्याच्या मागं गेलात तर शंभर वाटा फुटतात. संगीतकाराचा कान एकच असतो. त्याचं असं एक गाणं घ्या जे तुम्हाला शब्दांसकटच नव्हे तर पीससकट पाठ आहे. ऑर्केस्ट्रावाले पीस म्हणतात तो मुखडा आणि अंतऱ्याच्या मधला नुसत्या वाद्यांचा तुकडा. भाच्यानं 'याड लागलं' घेतलं. मी त्याला म्हटलं, आता शब्द सोडून दे, अजयचा आवाजही सोडून दे, मागं काय चाललंय ते सांग. तिसऱ्या वेळेला म्हणाला, "व्हायोलिनं लई आहेत गा. लग्नात वाजवतात तसली न्हवं, एकदम शंभर माणसं बसल्यासारखी."

बरोबर पकडलं. सैराटच्या (२०१६) गाण्यांसाठी अख्खा सिंफनी ऑर्केस्ट्रा हॉलिवुडमध्ये बसवून रेकॉर्डिंग झालं होतं. आता पुढचा प्रश्न आपोआप येतो. गावाकडची चाल आणि तिच्याखाली पाश्चात्त्य व्हायोलिनांचा ताफा, ही जोडी या भावांनी कुठं ऐकली असेल?

दुसरं काम : तो स्वतः कुणाचं नाव घेतो?

याचं उत्तर अंदाजानं द्यायचं नाही. गोगावले बंधू, म्हणजे अजय-अतुल, कितीतरी मुलाखतींत दक्षिणेतले संगीतकार इळयराजा यांचं नाव घेतात, हातचं काही राखून न ठेवता. माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतो तो पहिल्या दर्जाचा पुरावा. दुसरा पुरावा गायकाच्या निवडीत सापडतो. अजय-अतुलच्या सुरुवातीच्या 'विश्वविनायक' या गणपतीच्या अल्बममध्ये इळयराजांकडं गाणारे एस. पी. बालसुब्रह्मण्यम गायलेत. नवे मराठी संगीतकार गणपतीच्या गाण्यांसाठी दक्षिणेतला आवाज का आणतात? त्यांच्या कानात लहानपणापासून कुणाची गाणी होती ते या एका निवडीवरून कळतं.

तिसरा पुरावा म्हणजे कॅसेटच्या वेष्टनावरची, आता ॲपमध्ये गाण्याच्या तपशिलात येणारी बारीक नावं. 'अपटाउन फंक' (२०१४) हे गाणं लग्नाच्या वरातीतही वाजलंय. पुढच्या वर्षी त्याच्या लेखकांत 'द गॅप बँड' या जुन्या अमेरिकन फंक बँडमधली नावं घातली गेली, कारण त्यांच्या जुन्या गाण्याशी साम्य निघालं. असं एखादं अनोळखी नाव दिसलं की थांबायचं. ती पाटी आहे, वाट तिकडंच जाते.

चौथा पुरावा मला सगळ्यांत आवडतो : तो माणूस दुसऱ्यांची कुठली गाणी गातो. बीटल्सचा पहिला अल्बम (१९६३) घ्या. १४ गाणी, त्यांतली ८ स्वतःची आणि ६ दुसऱ्यांची. ती ६ म्हणजे त्या पोरांनी स्वतःच लिहून दिलेली यादी. ती धरून मागं गेलात की शिरेल्स, आयझ्ली ब्रदर्स, आर्थर अलेक्झांडर असे अमेरिकन कृष्णवर्णीय गायक भेटतात, ज्यांच्याकडं इंग्रजी गाणी ऐकणारी आपली पोरं एरवी फिरकत नाहीत.

एक काळजी घ्या. 'हे त्यावरून चोरलंय' अशा गप्पांना ऊत आलेला असतो. काही खऱ्या असतात. आर. डी. बर्मनचं 'मिल गया हमको साथी' (१९७७) आणि ॲबाचं 'मम्मा मिया' (१९७५) लागोपाठ ऐका, मला काही सांगावं लागणार नाही. पण गुरू असणं, एखाद्याच्या हाताखाली नोकरी केलेली असणं, चाल उचलणं आणि स्वतःचीच चाल दुसऱ्या भाषेत परत वापरणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत चारी वेगळ्या लिहा. ('चुरा लिया'ची सुरुवातीची ओळ ज्या इंग्रजी गाण्यावरून आली त्याच्या नावात बेल्जियम आहे. दुकानातला आमचा एक दोस्त गिऱ्हाइकांना शपथेवर सांगायचा की ते मूळचं बेळगाव.)

तिसरं काम : समुद्रात उडी नाही, पायरी शोधा

आता इळयराजा. इथंच नवखा माणूस बुडतो. १९७६ साली 'अन्नक्किळि'पासून सुरुवात केलेल्या या गृहस्थांचे हजारावर चित्रपट आहेत, तेही बहुतेक तमिळ, तेलुगू, मलयाळम, कन्नडमध्ये. ॲप उघडलं की यादी संपता संपत नाही. म्हणून अशी पायरी शोधायची जिच्यावर आपला एक पाय आधीच आहे.

आपल्याकडची पहिली पायरी 'सदमा' (१९८३). 'ऐ ज़िंदगी गले लगा ले' घराघरात माहीत आहे. संगीत इळयराजांचं आणि गळा सुरेश वाडकरांचा, म्हणजे आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा. हे गाणं हिंदी समजून नको, इळयराजांचं म्हणून परत ऐका. गिटार काय करते आणि खालचा बास गिटार कसा स्वतःची वेगळीच चाल गात राहतो ते बघा. साध्या गाण्यात बास नुसता ठेका धरतो. इथं तो दुसरा गायक आहे.

दुसरी पायरी गमतीची. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं वाजलेली ती छोटी धून आठवते? रिंगटोन म्हणून निम्म्या बेळगावनं ठेवली होती. ती 'पल्लवी अनुपल्लवी' (१९८३) या कन्नड चित्रपटातली, इळयराजांचीच. मणिरत्नमचा हा पहिला चित्रपट आणि नायक अनिल कपूर. कन्नडमध्ये, होय. गाणं एस. जानकींनी गायलंय. भाच्याला हे सांगितलं तर तो सरळ उठून बसला. आपण आधीच ऐकलंय पण कुणाचं ते ठाऊक नव्हतं, अशी एक तरी गोष्ट प्रत्येक वाटेवर सापडते. ती सापडेपर्यंत वाट सोडू नका.

तिसरी पायरी 'गीता' (१९८१) मधलं 'जोतेयली जोते जोतेयली', बालसुब्रह्मण्यम आणि जानकी. शंकर नागचा चित्रपट. हीच चाल त्यांनी पुढं २००७ च्या हिंदी 'चीनी कम'मध्ये परत आणली, 'जाने दो ना' म्हणून. वर सांगितलेल्या चारांतला हा चौथा प्रकार. दोन्ही एकापाठोपाठ लावा. २६ वर्षांत त्याच माणसानं आपल्याच चालीत काय ठेवलं आणि काय टाकलं, हे ऐकण्यात एक अख्खा रविवार जातो.

भाषेची अडचण? ती पुण्यातल्या माणसाला. तुम्ही-आम्ही बेळगावकडची माणसं शाळेत कन्नड वाचायला शिकलोय, बसच्या पाट्या रोज वाचतोय. गाणं शोधताना नाव कन्नड लिपीतच टाइप करा. इंग्रजी अक्षरांत ही नावं पाच तऱ्हांनी लिहितात, इळयराजांचं स्वतःचंसुद्धा, आणि प्रत्येक स्पेलिंगला वेगळीच गाणी वर येतात. तमिळसाठी चित्रपटाचं नाव आणि साल टाका, तेवढं पुरतं. 'मौन रागम' (१९८६) तिथूनच सुरू करा. आणि ज्याला व्हायोलिनांचंच वेड लागलंय त्यानं 'हाऊ टू नेम इट' हा १९८६ चा गाण्यांविना अल्बम ऐकावा. इळयराजांनी तो त्यागराज आणि बाख या दोघांना अर्पण केलाय. भाचा तो अल्बम ऐकता ऐकता झोपला. दुसऱ्या दिवशी त्यातला एक पीस गुणगुणत दात घासत होता. मी काही बोललो नाही.

ऐकायचं कसं

एका वेळी एक गाणं, तीनदा. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा फक्त खालचा आवाज : बास, तबला किंवा ढोल. तिसऱ्यांदा फक्त पीस. इळयराजांकडं पहिला पीस आणि दुसरा पीस सहसा वेगवेगळे असतात, तो फरक सापडतो का बघा. तीन वेळा ऐकूनही नाही आवडलं तर बिनधास्त सोडा. जुनं आहे म्हणून आवडलंच पाहिजे असा काही कायदा नाही.

जुनं रेकॉर्डिंग सुरुवातीला कानाला कोरडं लागतं. मोबाइलमधलं बास वाढवणारं सेटिंग आधी बंद करा, नाहीतर सत्तर सालचा बिचारा ढोलक फाटल्यासारखा वाजतो. फार जुनी गाणी तीन-साडेतीन मिनिटांत का संपतात असंही विचारतात. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं.

आणि साल तपासा. ॲपमध्ये १९७४ च्या गाण्यासमोर २०१५ लिहिलेलं असतं, कारण तेव्हा ते तिथं चढवलं गेलं. चित्रपटाचं साल वेगळं शोधून वहीत लिहा, नाहीतर कोण आधी आणि कोण नंतर याचा सगळा घोळ होतो. त्याहून मोठा सापळा म्हणजे झंकार आणि व्हर्जन. झंकारमध्ये जुन्या गाण्यावर नवा ठेका चिकटवलेला असतो. व्हर्जनमध्ये तर गाणारा माणूसच दुसरा. यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. शहापूरच्या एका निवृत्त मास्तरांनी लतादीदींच्या वीस गाण्यांची यादी दिली होती. तीन-चार गाणी आमच्याकडं नव्हती. मी घाईत एका स्वस्तातल्या तयार कॅसेटवरून भरली. मास्तर तिसऱ्या दिवशी आले, काउंटरवर कॅसेट ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "ही बाई कोण?" मला वेष्टन उलटून बघावं लागलं. खाली अगदी बारीक अक्षरांत दुसरंच नाव. नवी कॅसेट फुकट भरून दिली. तेव्हापासून गायकाचं नाव आधी, गाणं नंतर.

चौथं काम : गुरूचा मालक शोधा

इथं आपल्या भागाला घबाड लागतं.

इळयराजांच्या मागं कोण? त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवणारे धनराज मास्तर हे एक नाव. पण रोजच्या कामाचा पगार कुणाकडून मिळायचा? स्वतःचा पहिला चित्रपट मिळण्याआधी ते जी. के. व्यंकटेश यांच्याकडं गिटार वाजवायचे आणि साहाय्यक म्हणून काम करायचे. व्यंकटेश हे कन्नड चित्रपटांतले मोठे संगीतकार, आणि इळयराजांनी त्यांच्याकडं केलेले चित्रपटही बहुतेक कन्नडच. म्हणजे पुण्याच्या दोन भावांपासून निघालेली वाट चेन्नईला वळसा घालून परत आपल्या राज्यात येते, कन्नड नट राजकुमारच्या काळात.

'कस्तुरी निवास' (१९७१) मधलं 'आडिसि नोडु' ऐका, संगीत जी. के. व्यंकटेश, आवाज पी. बी. श्रीनिवास. मग 'संपत्तिगे सवाल' (१९७४) मधलं 'यारे कूगाडली', ज्यात राजकुमार म्हशीवर बसून स्वतःच्या आवाजात गातो. चिकोडी, हुक्केरी, गोकाककडं हे गाणं माहीत नसलेला साठीच्या वरचा माणूस दाखवा. आणि त्याच व्यंकटेशांच्या 'संध्याराग' (१९६६) मध्ये भीमसेन जोशी गायलेत. भीमसेनांना आपण अभंगांतून ओळखतो. ते कन्नड पडद्यामागंही गात होते हे आमच्या दुकानात अर्ध्या मराठी गिऱ्हाइकांना खरं वाटायचं नाही.

या पायरीवर मोबाइल खिशात ठेवा आणि माणसांना विचारा. पण "तुम्हाला जुनी कुठली गाणी आवडतात?" असं विचारलंत तर "सगळीच" असं उत्तर येतं आणि विषय संपतो. जागा धरून विचारा. गणपतीत तुमच्या गल्लीतल्या कर्ण्यावर काय लागायचं? लग्नात नवरा-नवरी पाटावर बसल्यावर बँडवाल्यानं काय वाजवलं? थेटरात एकच चित्रपट दोनदा बघितला तो कुठला? गाणं बाहेर येतंच, सोबत साल आणि सोबतच्या माणसांची नावंही येतात.

रेडिओही लावा. आमच्या घरी लहानपणी धारवाड आणि सांगली दोन्ही लागायचं, खरखर सोसायची तयारी असली तर. धारवाडचं केंद्र १९५० चं, विविध भारती १९५७ ची. निवेदक गाण्याबरोबर चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी नावं सांगतो. पेन हातात ठेवलं तर महिन्याभरात वही भरते.

एक आडवाट : वाणी जयराम

गायकाच्या मागं जाऊ नका असं वर म्हटलं, त्याला हा एक अपवाद. बेळगावात संगीत म्हटलं की कुणीतरी कुमार गंधर्वांचं नाव काढतंच, आणि का काढू नये, सुळेभावी काही लांब नाही. १९२४ साली ते तिथं जन्मले. त्यांचं 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी' तुम्हाला माहीत असेल, संगीत वसंत देसाईंचं. त्यात सोबत गाणारी बाई म्हणजे वाणी जयराम. देसाईंनीच पुढं त्यांना 'गुड्डी'त (१९७१) 'बोले रे पपीहरा' दिलं. नंतर त्या दक्षिणेत गेल्या आणि तमिळ, कन्नड, तेलुगूत गात राहिल्या, इळयराजांकडंसुद्धा. सुळेभावीचा माणूस आणि वेल्लोरची बाई मराठी नाटकाच्या गाण्यात भेटतात आणि वाट परत आपल्या मूळ वाटेला येऊन मिळते. अशा गाठी वहीत बाण काढून दाखवा, मजा येते.

दुसरी वाट डोंगराकडं

अजय-अतुलच्या मागं फक्त इळयराजाच नाहीत. 'जोगवा' (२००९) ऐका. या चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'जीव रंगला'साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनाही. ते गाणं सगळ्यांना पाठ आहे. पण 'लल्लाटी भंडार' लावा आणि त्यामागचं जग शोधा. ते यल्लम्माचं, आणि यल्लम्माचा डोंगर सौंदत्तीला, आपल्याच जिल्ह्यात. चौंडकं हे जोगत्यांचं वाद्य बगलेत धरतात, तार ताणली-सोडली की आवाज वर-खाली जातो. ॲपवर मिळणारं चौंडकं स्टुडिओतलं. डोंगरावरचं ऐकायचं तर जत्रेला जा, मार्गशीर्ष किंवा माघ पौर्णिमेला. गर्दी प्रचंड असते, शक्यतो आदल्या दिवशी पोचा.

मात्र तिथं मोबाइल उगारून व्हिडिओ काढत फिरू नका. देवदासी सोडण्यावर कर्नाटकात १९८२ सालीच बंदीचा कायदा झाला, आणि त्या प्रथेत होरपळलेली माणसं तिथं आजही गातात. आधी बोला, विचारा, ऐकून झाल्यावर हातावर पैसे ठेवा.

वही कशी ठेवायची

डाव्या पानावर गाणं, चित्रपट, साल, संगीतकार, गायक. उजव्या पानावर एकच ओळ : हे कुणामुळं सापडलं. बस. तारे, गुण असलं काही देऊ नका. आठवड्याला एक पायरी, त्याहून जास्त नाही. भाच्यानं पहिल्या दोन दिवसांत साठ गाणी यादीत टाकली. मी ती पुसायला लावून सहा ठेवली. तोंड पाडून बसला होता.

जायच्या आदल्या दिवशी तो गच्चीवर 'यारे कूगाडली' मोठ्यानं म्हणत होता. शेजारच्या अज्जी पलीकडच्या गच्चीवर पापड उलटत होत्या. "तप्पु, तप्पु," म्हणजे चुकलं, चुकलं, म्हणाल्या, आणि उरलेली ओळ त्यांनी स्वतः म्हणून दाखवली. मग मराठीत विचारलं, "राजकुमारला आधी दुसरा माणूस आवाज देत होता, तो ऐकलास काय?"

"पी. बी. श्रीनिवास. एक ऐकलंय, अज्जी."

"एक?" त्या हसल्या. "लिहून घे."

तो वही आणायला खाली पळाला.